‘आम्ही तसे नाही’ एवढं उत्तर पुरतं का?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली चार पत्रं एकत्र घेतली आहेत. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण चौघांच्याही प्रश्नाच्या तळाशी एकच गोष्ट आहे : कुणाच्या शरीरात किंवा बुद्धीत उणीव दाखवली, की त्याचे हक्क कमी होतात का? नव्या वाचकांसाठी सांगते : निवृत्त होईपर्यंत मी साताऱ्यात इतिहास शिकवला. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर आहे. त्यामुळे या विषयावर मी लांबून बोलत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात आरक्षणावर वादविवाद झाला. समोरचा मुलगा म्हणाला, “काही समाजांची बुद्धीच कमी असते, हे विज्ञान आहे, भावनिक होऊ नका.” मी आमच्या वस्तीतून डॉक्टर, इंजिनीअर, तहसीलदार झालेल्यांची नावं घेतली. टाळ्या पडल्या. पण खोलीवर आल्यावर वाटलं, उत्तरात काहीतरी राहून गेलं. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत पळून जाणाऱ्या गुलामाला ‘रोगी’ ठरवत. हे खरं आहे का?
— एम. ए.चा विद्यार्थी, लातूर

उत्तर : खरं आहे. आणि हे सांगणारा माणूस गावचा वैदू नव्हता, चांगला नावाजलेला डॉक्टर होता. १८५१ साली लुईझियाना राज्याच्या वैद्यक संघटनेपुढे सॅम्युअल कार्टराइट यांनी काळ्या लोकांच्या रोगांवर एक अहवाल मांडला. गुलाम मळ्यातून का पळतो? आपल्याला वाटेल, यात विचारण्यासारखं काय आहे? कार्टराइटना मात्र याचं कारण त्या माणसाच्या मनातल्या बिघाडात सापडलं. त्यांनी ग्रीक शब्द जोडून त्या बिघाडाला नाव दिलं, ‘ड्रेपटोमेनिया’. औषधही सांगितलं : मालकाने गुलामाला लेकरासारखं सांभाळावं, बरोबरीने वागवू नये, आणि तो विनाकारण घुम्यासारखा, नाराज दिसू लागला तर पळायच्या आधीच चाबूक वापरावा. दुसरा रोग होता कामात हयगय करण्याचा, अवजारं मोडण्याचा. त्यावर उपाय असा की अंग धुऊन तेल चोपडावं, ते चामड्याच्या रुंद पट्ट्याने अंगात मुरवावं आणि मग उन्हात कष्टाच्या कामाला जुंपावं. हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्याच कार्टराइटनी फुप्फुसात किती हवा मावते हे मोजणारं यंत्र, स्पायरोमीटर, हाताशी घेतलं. काळ्या माणसांची फुप्फुसं जन्मतःच कमी पडतात, तेव्हा सक्तीचे कष्ट त्यांच्या प्रकृतीला मानवतात, असा निष्कर्ष काढला. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच संपली असं समजू नका. वंश पाहून आकडा ‘दुरुस्त’ करायची पद्धत त्या यंत्रात पुढे मुरली. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न पाहता आकडे वाचावेत अशी शिफारस केली, म्हणजे अगदी परवा. मधल्या काळात काळ्या कामगाराची फुप्फुसं खराब झाली तरी यंत्र म्हणे, तुमच्या लोकांचं एवढंच असतं.

तुमच्या समोरच्या मुलाला विज्ञानाचा भरवसा आहे, म्हणून आकड्यांची एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते. अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत वेडे आणि मतिमंद यांची मोजणी झाली, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. निकाल बाहेर आला आणि दक्षिणेतले मळेवाले हरखून गेले. उत्तरेत, जिथे काळे लोक स्वतंत्र होते, तिथे दर १६२ मागे एक वेडा किंवा मतिमंद. दक्षिणेत, जिथे गुलामी होती, तिथे दर १५५८ मागे एक. मेन राज्यात तर प्रत्येक चौदावा काळा माणूस वेडा! अर्थ काय, तर यांना स्वातंत्र्य सोसत नाही, गुलामीतच यांचं डोकं ठिकाणावर राहतं. १८४४ साली परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून यांनी ब्रिटिश राजदूताला लिहिलेल्या अधिकृत पत्रात हेच आकडे गुलामीच्या समर्थनासाठी वापरले.

एडवर्ड जार्व्हिस या मॅसेच्युसेट्सच्या डॉक्टरचा सुरुवातीला या आकड्यांवर विश्वास बसला होता. मग ते गावनिहाय तक्ते तपासायला बसले. काही गावांत वेडे काळे नोंदले होते आणि त्या गावात काळा माणूस एकही नव्हता! वूस्टर गावात १३३ वेडे काळे दाखवले होते. ते सरकारी वेड्यांच्या इस्पितळातले गोरे रुग्ण होते, चुकीच्या रकान्यात पडलेले. न्यूयॉर्कचे काळे डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांच्या चिंधड्या उडवल्या. हे स्मिथ गुलामीत जन्मलेले. अमेरिकेतल्या कॉलेजांनी कातडीच्या रंगापायी दारं बंद केली म्हणून स्कॉटलंडला ग्लासगोत जाऊन १८३७ साली एम. डी. झाले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, हा प्रश्न लावून धरला. कॅलहून काय म्हणाले, ते अ‍ॅडम्सनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे : चुका इतक्या आहेत की त्या एकमेकींना भरून काढतात, निष्कर्ष तोच राहतो. जनगणना दुरुस्त झाली नाही.

आता तुमच्या मनाला टोचणाऱ्या जागेकडे येऊ. जार्व्हिस आणि स्मिथ यांनी केलं ते करायलाच हवं होतं. खोटा आकडा खोडायलाच लागतो. तुम्ही वस्तीतली नावं घेतलीत तेही योग्यच. पण क्षणभर धरून चाला, आकडे खरे निघाले असते. खरोखरच दर १६२ मागे एक माणूस मनाने आजारी असता. मग उरलेल्या १६१ जणांना साखळदंड घालायला मोकळीक होती? आणि त्या एका आजारी माणसाला? त्याला विकायला, फटके द्यायला हरकत नव्हती? हा सवाल त्या अख्ख्या वादात फारसा कुणी केला नाही. दोन्ही बाजू आपापले तक्ते घेऊन भांडत राहिल्या, आणि ‘ज्याच्यात उणीव आहे त्याला माणसाचे हक्क कमी’ हे गृहीतक दोघांच्या मध्ये शाबूत राहिलं. तुमच्या वादविवादात जे राहून गेलं, ते मला वाटतं हेच.

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी ‘लढवय्ये वंश’ आणि बाकीचे अशी विभागणी केली आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या पूर्वजांची नावं १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत त्यांची. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली. दोन्ही अर्जांचा सूर, आम्ही शूर आहोत, नालायक नाही, हा. अर्ज सरकारच्याच मापात लिहावा लागतो, हे समजतं. भाकरीचा प्रश्न होता.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं, जे त्यांना करू दिलं गेलं नाही, ते तुम्ही वाचलं असेल. जातीमुळे वंश शुद्ध आणि सशक्त राहतो असं म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यात विचारलं, मग हिंदू समाज शरीराने असा खुजा, दमाने कमी का? दहातले नऊ लष्कराला नालायक का ठरतात? प्रतिपक्षाचं शस्त्र त्याच्यावरच फिरवलं. पण माझ्यासारखी, जिला कुठलंच लष्कर कधी लायक ठरवणार नाही, ती बाई त्या वाक्यापाशी थांबते, हे मी लपवत नाही. आणि मग काही पानं पुढे गेलं की त्याच भाषणात ते उत्तर आहे, ज्याच्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा वर्गात नेलं. माणसं खरोखरच सारखी नसतात, असं तिथे बाबासाहेब सरळ मान्य करतात : शरीराचा वारसा वेगळा, घरातून मिळालेलं शिक्षण आणि साधनं वेगळी, प्रयत्न वेगळे. आणि विचारतात, असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवायचं का? समता वस्तुस्थिती नसेल, तरी तीच राज्यकारभाराचं तत्त्व म्हणून धरावी लागते. वस्तीतल्या तहसीलदाराचं नाव न घेताही उभं राहणारं उत्तर ते आहे. पुढच्या वेळी नावं जरूर घ्या. त्यानंतर त्या मुलाला विचारा, “आणि समजा तू म्हणतोस तसं असतं, तर?” त्याला बोलू द्या. आपण नेमकी कशाची परवानगी मागतोय, ते त्याचं त्यालाच ऐकू येऊ द्या.

प्रश्न : आठ मार्चला आमचं महिला मंडळ जगभरच्या स्त्री-चळवळीतल्या पोस्टरांचं प्रदर्शन लावणार आहे. एका मैत्रिणीने अमेरिकेतलं १८९३ चं पोस्टर सुचवलं : मध्ये एक सुशिक्षित बाई आणि भोवती ज्यांना मताचा हक्क नाही असे पुरुष. आम्हाला फार आवडलं. पण आमच्यातली एक जण, जिचा भाऊ मतिमंद आहे, म्हणाली की हे नको. यावरून थोडी कुरबुर झाली. तुमचं मत काय?
— महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, नाशिक

उत्तर : पोस्टर मला माहीत आहे. कॅन्सस राज्यातल्या हेन्रिएटा ब्रिग्ज-वॉल यांनी ते काढून घेतलं आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं. मधली बाई म्हणजे फ्रान्सिस विलर्ड, दारूबंदी चळवळीच्या मोठ्या नेत्या. भोवती चौघे : एक मतिमंद, एक कैदी, एक वेडा आणि एक मूळनिवासी अमेरिकन. सांगायचं काय, तर पाहा, कायद्याने आम्हा बायकांना कोणाच्या रांगेत बसवलंय!

त्या बायका चिडल्या होत्या, आणि चिडायला सबळ कारण होतं. वीस वर्षं आधी, १८७३ साली, हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी लिहिलं होतं की मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला तर शरीराची शक्ती डोक्याकडे वळते आणि गर्भाशय खुरटतं. शिकलेली बाई म्हणजे आजारी बाई. आपल्याकडे तेव्हा मुलगी शिकली तर नवरा मरतो असं म्हणत. तिकडे नवऱ्याच्या जागी गर्भाशय होतं. मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरबाईंनी पाळीच्या काळात बायकांना खरंच विश्रांती लागते का याचा अभ्यास करून उत्तर दिलं, आणि १८७६ साली त्या निबंधाला हार्वर्डचंच बक्षीस मिळालं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या अशा हवेत.

तर चिडणं रास्त. पण चिडून त्यांनी काय केलं? तुम्ही आम्हाला दुबळं म्हणता, ते आम्ही नाही. दुबळे ते बघा, ते चौघे. त्या मूळनिवासी माणसाची जमीन गेली होती, त्याला कुणी विचारलं नाही. त्या मतिमंद माणसाला मत का नको, हेही कुणी विचारलं नाही. बायकांनी दाराबाहेरच्या गर्दीतून आत शिरताना दार मागे लोटून घेतलं.

हे मी घरातूनही पाहिलं आहे. शिक्षिकेच्या नोकरीसाठी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, ही फळ्यावर लिहायला उभी कशी राहणार? माझे वडील बरोबर होते. ते काकुळतीने म्हणाले, “साहेब, हिचा फक्त पाय अधू आहे, डोकं एकदम ठीक आहे.” त्यांची माया मी जाणते. मला त्या वेळी बरंही वाटलं. पण आमच्या शेजारी राहणारी, माझ्याच वयाची, जिचं डोकं वडिलांच्या भाषेत ‘ठीक’ नव्हतं, तिच्या वाट्याला ते वाक्य कुठे नेऊन सोडतं? फळा कमी उंचीवर लावता येतो, खुर्चीवर बसून शिकवता येतं, हे त्या समितीला सांगायला हवं होतं. पुढे दुसऱ्या ठिकाणी मी खुर्चीवर बसूनच शिकवलं.

आता एक अशी माहिती, जी तुमच्या प्रदर्शनाला उपयोगी पडेल. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने. त्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते वाढत चाललं होतं, म्हणून तो मार्ग बंद झाला. मग त्यांनी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, विलर्डबाईंच्या संघटनेशी जोडल्या गेल्या, परत येऊन १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा बायकांबरोबर आंधळ्या मुलींसाठीही बार्तमी सदन उघडलं. रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, तिथे ब्रेल शिकवलं. विलर्डबाईंना ओळखणाऱ्या, स्वतः कमी ऐकू येणाऱ्या एका मराठी बाईने त्या पोस्टरच्या अगदी उलट चित्र जमिनीवर उभं केलं. तिथे कुणाला वर काढायला कुणाला खाली बसवावं लागलं नाही.

आणखी एक. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं की यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. गर्भाशय हे कारण करून एकेकाळी सगळ्या बायकांना वर्गाबाहेर ठेवत होते. इथे ते गर्भाशयच काढून टाकलं. महाराष्ट्रातल्या स्त्री-संघटना तेव्हा रस्त्यावर आल्या, शस्त्रक्रिया थांबल्या.  तुमच्या मंडळातल्या थोरल्या बायकांना तो काळ आठवत असेल, त्यांना बोलतं करा.

माझं मत विचारलंत तर पोस्टर लावा, पण त्याच्या शेजारी रमाबाईंचा आणि १९९४ चा मजकूर लावा. आणि ज्या मैत्रिणीने ‘नको’ म्हटलं, तिला विचारून लावा. तरीही ती नको म्हणाली तर नका लावू. तिच्या भावाला आठ मार्चला बोलावणार असाल, तर पाहुणा म्हणून बोलवा, उदाहरण म्हणून नको.

प्रश्न : तुमचे लेख वाचतो, तळमळ पटते. पण गुणवत्तेला काही अर्थ आहे की नाही? माझा मुलगा स्वतःच्या हुशारीवर न्यू जर्सीत गेला. एखाद्या देशाने धडधाकट, कर्तबगार माणसं निवडून घेतली तर त्यात चुकलं काय?
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : तुमच्या मुलाच्या हुशारीविषयी मला शंका नाही. नोकरीला योग्य माणूस निवडणं हा एक प्रश्न आहे. माणसाचं शरीर पाहून अख्ख्या जमातीला किंमत लावणं हा दुसरा. अमेरिकेने पहिल्याचं नाव सांगून दुसरं कसं केलं, तेवढं पाहू.

१८८२ च्या कायद्याने वेडे, मतिमंद आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे यांना देशात यायला बंदी आली. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे १८९२ पासून बोटीने आलेल्यांची तपासणी होई, डॉक्टर जिन्याशी उभे राहून चढणाऱ्या माणसांकडे बघत. धाप लागली की संशय हृदयाचा, लंगडला की पायाचा. काही सेकंदांची नजर, आणि कोटावर खडूने एक अक्षर. १९०७ साली कायद्यात आणखी शब्द आले. ‘किरकोळ शरीरयष्टी’ हा शेरा अधिकाऱ्यांच्या हातात असा सापडला की पूर्व युरोपातले ज्यू, दक्षिण इटलीतले शेतमजूर, ज्यांना आत घ्यायची इच्छाच नव्हती, त्यांना चिकटवता येई. शरीर तपासल्याचा देखावा होता. नापसंती आधीच ठरलेली असे.

हिंदी माणसांची पाळी पश्चिम किनाऱ्यावर आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० साली हूकवर्म, म्हणजे आतड्यातला साधा जंत, धोकादायक संसर्गजन्य रोगांत धरला गेला. अनवाणी शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांत तो सापडणारच. औषधाने बरा होणारा जंत परत पाठवायचं कारण झाला. ‘हे सरकारवर भार होतील’ हा दुसरा शेरा. १९१७ साली तर आडपडदा गेला, आशियाच्या मोठ्या भागावरच बंदी आली. ती १९४६ साली किंचित ढिली झाली, वर्षाला १०० हिंदी माणसं. दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. तुमचा मुलगा १९२० साली तेवढाच हुशार असता तरी त्याची हुशारी कुणी विचारली नसती.

आणि निवड करणारा हात सरहद्दीपाशी थांबत नाही. काँग्रेसच्या स्थलांतर समितीला सल्ला देणारे सुप्रजननवादी, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांनाच मुलं व्हावीत असं मानणारे, हॅरी लॉफलिन, त्यांनीच नसबंदीच्या कायद्याचा नमुना लिहून दिला. त्या धर्तीवर व्हर्जिनियाने १९२४ साली कायदा केला. देशाचा स्थलांतर कायदाही त्याच वर्षीचा. कॅरी बक या गरीब मुलीला, तिच्या आईला आणि तान्ह्या लेकीला मतिमंद ठरवलं. लॉफलिननी कॅरीला न भेटताच मत दिलं. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिची नसबंदी मान्य केली. ती तान्ही लेक पुढे शाळेत गेली तेव्हा तिचं नाव चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीत लागलं. त्या आणि तशा कायद्यांखाली अमेरिकेत ६०,००० हून अधिक माणसांची नसबंदी झाली. पण इथेही लातूरच्या मुलाला सांगितलं तेच सांगीन : ती लेक वर्गात शेवटची आली असती, तरी तिच्या आईवरची शस्त्रक्रिया तेवढाच अन्याय ठरली असती.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, ऐकू येत नाही, समजही थोडी कमी. दीर म्हणतात, मागच्या जन्मीचं पाप म्हणून असा जन्मला, याच्या नावावर जमीन करून काय उपयोग. सातबारावर आमची नावं लावू, त्याला जन्मभर जेवायला घालू. सही करू का?
— एक आई, खटाव तालुका

उत्तर : ताई, करू नका.

पापाचं म्हणाल, तर मनुस्मृतीत असा हिशेब लिहिलेला आहे : घोडा चोरला तर पुढच्या जन्मी लंगडा, आणि असंच पुढे. त्याच वहीत खालच्या जातीतला जन्म हाही मागच्या पापाचा हिशेब म्हणून मांडला जायचा. एका वहीने दोघांचा वाटा खाल्ला. आंधळे, बहिरे, मुके, वेडे यांना वारसा नाही, असंही मनूने सांगून ठेवलं होतं आणि इंग्रजांच्या कोर्टात ते कितीतरी वर्षं चाललं. १९२८ साली त्यातलं बरंच रद्द झालं. हिंदू वारसा कायदा, १९५६, याच्या कलम २८ ने ते पूर्ण संपवलं : कुठल्याही रोगामुळे, व्यंगामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. दिरांना हे कलम वाचून दाखवा, नाहीतर गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

तुमच्या यजमानांच्या हिश्श्याचे वारस तुम्ही, तुमचा मुलगा आणि सासूबाई हयात असतील तर त्या. इतर मुलं असतील तर तीही. दीर त्यात येत नाहीत. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फेरफाराची नोटीस निघते, तिच्यात मुलाचं नाव नसेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. मुलाला व्यवहार कळत नसतील, तर नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९, याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे कायदेशीर पालक म्हणून तुमची नेमणूक मागता येते. त्यासाठी त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयातून ते काढा, आणि त्यात बहिरेपणाबरोबर समजेची अडचणही नोंदवून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि अपंगांना तिथे वकील फुकट मिळतो.

दिरांनी जेवायला घालतो म्हटलंय, त्याबद्दल भांडू नका, घालू देत. पण हक्कसोडपत्र, संमतीपत्र, कोरा स्टँप, यातल्या कशावरही तुमची सही किंवा मुलाचा अंगठा होऊ देऊ नका. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कुणी ‘नुसतं चला’ म्हणालं तरी जाऊ नका. वारस नोंद झाली की नव्या सातबाराची प्रत काढून नाव नीट लागलंय का ते पाहा, आणि पुन्हा लिहा.